शाळेच्या वाटेवरचा दोर

दोराचा पेड हातात असताना मागे वळून बघायचं नाही, हा दोरवाल्यांच्या घरातला कायदा. हाक येवो, पाहुणा येवो, चुलीवरचं दूध उतू जावो, हात सुटता कामा नये. हात सुटला की पिळलेला वाखाचा धागा गरकन उलटा फिरतो, त्याचा गुंता होतो आणि सकाळपासूनची मेहनत मातीत जाते. या कायद्याला सूट एकच होती. ओळीतल्या कुणी "तुटला" अशी हाक दिली, की ती शेजारच्याने पुढच्याला द्यायची, पार टोकाला पीळ देणारं चाक फिरवणाऱ्यापर्यंत, आणि सगळ्यांनी हातातलं टाकून तुटल्या जागेकडे धावायचं.

थोरली सून लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात पेड ओढताना तिच्या मानेला गांधीलमाशी चावली होती. मान भोपळ्याएवढी सुजली, पण तिने हात सोडला नाही. सासऱ्यांनी ही गोष्ट गावभर मिरवली. तेव्हापासून घरात तिच्या शब्दाला वजन आलं आणि तिलाही आपल्या हातांचा भारी अभिमान वाटू लागला. त्याच अभिमानाने पुढे तिचा घात केला.

त्या दुपारी ती घरामागच्या मैदानात कमरेला वाखाचा गठ्ठा बांधून, चाकाकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत होती. पाठीमागून रस्ता जात होता. शाळा सुटली होती. "आई," अशी हाक आली. पोरीचा, खारूचा आवाज तिने ओळखला. भूक लागली असेल, नाहीतर पाटी फुटली असेल. "थांब गं, पेड हातात आहे," ती न वळता म्हणाली. पुन्हा हाक आली, "आई गं," या वेळी जरा लांबून. थोरली सरकत राहिली. तिसरी हाक आली नाही.

पेड संपवून, गाठ मारून ती रस्त्यावर गेली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. चौकीच्या तारेच्या कुंपणाला लागून खारूचं दप्तर पडलं होतं.

डोंगरातली लढाई खाली उतरल्यापासून ही चौकी गावाच्या मानेवर बसली होती. घरं एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला आणि सरळ रस्त्याच्या ऐन मध्यावर चौकीचं फाटक. आधी तिथे दुसऱ्या बाजूचे लोक होते. ते गेले, हे आले. टोप्यांचा रंग बदलला, गावातल्या कोंबड्या मात्र पहिल्यासारख्याच नाहीशा होत राहिल्या. चौकीच्या स्वयंपाकघराचा आणि कोठाराचा कारभार एका जमादाराकडे होता. मोठा हसतमुख माणूस. जाता येता पोरांच्या गालाला हात लावायचा, गुळाचा खडा द्यायचा.

खारू दिवस मावळता परत आली. मनगट सुजलं होतं, दंडावर बोटांचे वळ होते, पाठीवर पट्ट्याचे. कपडे काजळीने माखले होते. थोरलीने विचारलं, जावेने विचारलं, बापाने विचारलं. पोरगी बोलेना. एका जागी घडीभर बसत नाही, सारखी चिवचिवते, म्हणून तिला खारू म्हणायचे. ती खारू कोपऱ्यातल्या वाखाच्या ढिगात शिरून बसली आणि तिने तोंड भिंतीकडे केलं.

नवऱ्याने वाख धोपटायचा लाकडी धोपटणा उचलला आणि तो तडक दाराबाहेर पडला. अंगणाच्या कडेपर्यंत गेला. तिथे उभा राहिला. मग परत आला आणि धोपटणा जागेवर ठेवून खाली बसला.

"गेलो तर ते मला जिवंत सोडणार नाहीत," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मी काही म्हटलं का तुम्हाला?" थोरली म्हणाली.

"म्हण तरी काहीतरी."

तिच्या कानात ती दुसरी हाक अजून वाजत होती, आणि ज्या हातांचं तिला एवढं कौतुक, ते हात तोडून टाकावेत असं तिला वाटत होतं.

सुईण आली. तिने खारूच्या मनगटाला तेल चोळलं, पाला बांधला. गावातली सगळी पोरं या बाईच्या हातांवर जन्मलेली. तिचे हात चालू होते तसे डोळेही वाहत होते. थोरलीला वाटलं, म्हातारी हळवी झाली. पण सुईण उठता उठता म्हणाली, "माझ्या नातवाला चौकीवाल्यांनी पेट्या डोक्यावर देऊन डोंगरावर नेलं होतं. गोळ्या चालू होत्या तिथे. अजून झोपेत किंचाळतो."

"मावशी, आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू? लोक म्हणतील पोरगंच गुळाला लालचावलं."

दारात उभी असलेली धाकटी जाऊ एकदम भिंतीला टेकली. तिचा मुलगा महिन्यापूर्वी झाडावरून पडून दात पाडून आला होता, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

"तो झाडावर चढलाच नव्हता, जाऊबाई," ती म्हणाली. "चौकीवर पाणी भरताना बादली सांडली म्हणून मारलं त्याला."

दोघी एका छपराखाली राहत होत्या, एका चुलीवर रांधत होत्या. थोरलीने जावेला जवळ ओढलं आणि दोघी रडल्या. सुईणही पुन्हा बसली आणि रडली. खारू वाखातून बघत होती.

दुसऱ्या दिवशी हौदावर वाख धोपटायला बायका जमल्या तेव्हा थोरलीने सगळ्यांसमोर आपल्याच घरापासून सुरुवात केली. "माझ्या पोरीने मला हाक मारली आणि मी वळले नाही," ती म्हणाली. हे सांगताना तिला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण एकदा तिने सांगितलं आणि बांधच फुटला. कुंभारीण बोलली, न्हाव्याची सून बोलली, एकीमागून एक. जिने तिने तोंडात मूग धरले होते, आपलंच पोर तेवढं सापडलं असं समजून. शाळेच्या मास्तरीणबाईही तिथे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वर्ग रिकामे पडत चालले तेव्हा मला वाटलं, तुम्ही पोरांना कामाला लावलंत. मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देत होते. माफ करा मला."

"आता काय करायचं ते सांगा," कुंभारीण म्हणाली. "माफी नंतर."

काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. पोरांना घरात कोंडावं तर किती दिवस? रस्ता एकच होता. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूच्या शेतात सुरुंग पुरलेले. आणि त्यात भर म्हणून संध्याकाळी चौकीवरून बोलावणं आलं, दोरवाल्यांच्या घरातलं कुणीतरी या.

नवऱ्याचा हात धोपटण्याकडे जातोय हे बघून थोरली म्हणाली, "तुम्ही राहू द्या, मी जाते."

चौकीचा साहेब अंगणात आरसा टांगून दाढी करत होता. तो सगळं आरशातूनच बोलला, एकदाही तोंड फिरवलं नाही. नदीवरचा पूल पडला होता, साहेबाच्या गाड्या पैलतीराला अडकल्या होत्या. त्या तराफ्यावरून ओढून आणायला मनगटाएवढा जाड आणि नदीच्या पात्राच्या दुप्पट लांब दोर हवा होता. नदी चढायच्या आत हवा होता. मोबदल्याचं नावही निघालं नाही. थोरलीने नमुना म्हणून आणलेला दोर पुढे टाकला. जमादाराने हसत हसत त्यावर बूट ठेवला आणि तो तसाच उभा राहिला. तिला खाली बसून, त्याच्या पायाशी वाकून दोराचं टोक ओढून काढावं लागलं. दोन शिपाई खिदळले. जमादार म्हणाला, "पोरगी कशी आहे? कामाला चपळ आहे हां."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खाली वाकलेली असतानाच तिच्या डोक्यात काहीतरी लखकन आलं, आणि ती उठली तेव्हा तिचा चेहरा अगदी गरीब गायीसारखा होता.

"साहेब, दोर होईल. पण आमचं मैदान पुरणार नाही. एवढे लांब पेड ताणायला सरळ रस्ता लागतो. आमच्या घरांपासून शाळेपर्यंतचा."

"रस्ता अडेल."

"एकच कड अडेल. गाड्या तर पलीकडे आहेत, साहेब. रस्त्यावर येतंय कोण?"

साहेब आरशात हसला. "आणखी काय?"

"माणसं लागतील. थोड्या थोड्या अंतरावर टेकू, आणि दर टेकूला एक माणूस, पेड धरायला. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत." मग तिने घाईने पुस्ती जोडली, "म्हणजे ऊन कलेपर्यंत."

"घे सगळं गाव," साहेब म्हणाला आणि त्याने गालावर वस्तरा लावला.

घरी आल्यावर नवरा भडकला. "त्याच लोकांना फुकट दोर वळून द्यायचा? आपण काय त्यांचे वेठबिगार?"

"वळायचा," थोरली म्हणाली. "अगदी सावकाश वळायचा. चौकीच्या फाटकासमोर उभं राहून वळायचा. जाणारं येणारं एकेक पोर डोळ्यांसमोरून जाईल असा वळायचा."

मग नवऱ्याच्या ध्यानात आलं आणि तो हसला. किती दिवसांनी घरात हसण्याचा आवाज झाला होता. "बाई, तू महाबिलंदर आहेस," तो म्हणाला.

अशा रीतीने गाव रस्त्यावर आलं. एका टोकाला नवरा चाक घेऊन बसला, दुसरं चाक शाळेच्या फाटकाशी न्हाव्याने धरलं आणि मध्ये तीन जाड पेड ताणून टेकूंवर चढवले. दर टेकूला कुणी ना कुणी होतं. वाखाने ज्यांच्या बोटांना कधी रक्त आलं नव्हतं त्यांच्याही बोटांना आलं. कुंभारीण म्हणाली, "मातीचं काम बरं बाई, माती निदान चावत नाही." ऊन डोक्यावर यायचं, पोटऱ्या भरून यायच्या, पण कुणी जागा सोडायचं नाही. चौकीच्या ऐन फाटकासमोरचा टेकू थोरलीने स्वतःकडे घेतला. रोज सकाळी जमादार फाटकात येऊन उभा राहायचा आणि ती त्याच्याकडे तोंड करून पेड धरायची.

पोरं त्या ओळीच्या कडेने शाळेत जाऊ लागली. मास्तरीणबाईंनी वर्गात त्यांना एकच धडा घोकून घेतला. कुणी हात धरला, कुणी बोलावलं, कुणी गूळ दाखवला, तर आई म्हणून ओरडायचं नाही, बाबा म्हणून ओरडायचं नाही. "तुटला" म्हणायचं. आपल्याच पोरांना आई म्हणू नका असं शिकवायची वेळ आपल्यावर आली, हे थोरलीला फार लागलं. पण दोष कुणाचा हे तिला माहीत होतं.

पोरं ती. पहिल्याच दिवशी त्यांनी उगाच तीनदा हाक दिली आणि सगळं गाव धावत सुटलं. न्हावी तर धावताना गटारात पडला. नवऱ्याने एका कार्ट्याचा कान धरला तेव्हा धाकटी म्हणाली, "राहू द्या भावोजी. दहा वेळा उगाच धावू, पण धावू." आणि खरंच, दर वेळी दोराचा सत्यानाश व्हायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची, पण या कामात कुणाला घाई होती? घाई असलीच तर साहेबाला होती. तो रोज नदीकडे बघून यायचा आणि शिपायांवर ओरडायचा.

या सगळ्यात खारू मात्र घराबाहेर पडली नव्हती. धाकटीचा मुलगा रोज येऊन तिला न्हाव्याच्या पडण्याची गोष्ट रंगवून सांगायचा. एका सकाळी थोरली कमरेला वाख बांधून निघाली तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला.

"मी ओरडले तर तू येशील?"

थोरली जागच्या जागी थांबली. पोरीचा आवाज घोगरा झाला होता.

"येईन."

"पेड हातात असला तरी?"

"टाकून येईन, बाळा."

खारूने तिच्याकडे बराच वेळ बघितलं, बाजारात खोटं नाणं पारखावं तसं. मग ती उठली आणि कंगवा शोधू लागली. थोरलीने तिची वेणी घातली. वेणी घाईत वाकडी झाली, पण दोघींपैकी कुणीही ती पुन्हा घातली नाही.

त्या दुपारी वारा सुटला. रस्त्यावरची धूळ अशी उठली की एका टेकूवरचा माणूस दुसऱ्याला दिसेना. सगळ्यांनी डोळे मिटून पेड घट्ट धरले. पेड जवळपास पुरे पिळून झाले होते. आता तिन्ही पेड एकत्र वळायचे एवढंच राहिलं होतं. शाळा सुटली होती. धुळीत पोरांचे आवाज येत होते आणि त्या आवाजांत थोरली एकच आवाज शोधत होती.

"तुटला!"

खारूचा आवाज, समोर फाटकापाशी. थोरलीने पेड सोडून दिला. नुसता सोडला नाही, फेकला. मागून धाकटीने हाक उचलली, तिच्याकडून सुईणीने, सुईणीकडून कुंभारणीने, आणि दोन्ही बाजूंना "तुटला, तुटला" असं होत ती हाक शाळेच्या फाटकापासून घरांपर्यंत पोचली. सुटलेले पेड रस्त्यावर सापासारखे वळवळत उलटे फिरले. त्यांच्यावरून उड्या मारत सगळं गाव धावत आलं.

जमादाराने खारूला दंडाला धरून फाटकाच्या आत अर्धं ओढलं होतं. थोरलीने पोरीचा दुसरा हात धरला. आयुष्यभर ताणलेले पेड धरलेला तो हात. जमादाराने हिसका दिला, पण तो हात हललासुद्धा नाही. तेवढ्यात नवरा धोपटणा घेऊन पोचला आणि या वेळी कडेला थांबला नाही. तो थेट जमादाराच्या छातीशी भिडून उभा राहिला. त्याच्यामागे न्हावी, त्याच्यामागे सारे. धूळ खाली बसली तेव्हा चौकीच्या फाटकात माणसांची भिंत उभी होती.

जमादाराचं हसू गेलं होतं. "चोर आहे ही. गूळ चोरला," तो म्हणाला आणि त्याने दंड सोडला.

साहेब बाहेर आला. या वेळी आरसा नव्हता, तोंड समोर करावं लागलं. त्याने गर्दीकडे बघितलं आणि मग रस्त्यावर पसरलेल्या गुंत्याकडे.

"दोर कुठे आहे?"

"तुटला," थोरली म्हणाली. "या माणसाने पोरीवर हात टाकला आणि दोर तुटला. पुन्हा टाकेल, पुन्हा तुटेल. हा इथे असेपर्यंत तुमचा दोर होणार नाही, साहेब."

"मी गोळी घालायला लावीन."

"मग दोर कोण वळणार?"

असं म्हणून ती खारूला मांडीवर घेऊन तिथेच रस्त्यावर बसली. नवरा बसला. सुईण गुडघे धरत, कण्हत बसली. सगळं गाव बसलं. शिपाई बंदुका घेऊन उभे होते, पण त्यांचे डोळे जमिनीकडे होते. त्यातले काही स्वतः बाप असावेत.

नदीकडून पाण्याचा आवाज येत होता. दोन दिवसांत तो वाढला होता आणि साहेबालाही ते ऐकू येत होतं. साहेब काही देवमाणूस नव्हता. त्याला गाड्या हव्या होत्या, एवढंच. त्याने जमादाराकडे हात पुढे केला.

"किल्ल्या."

जमादाराला आधी समजलं नाही. समजल्यावर त्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून दिला. साहेबाने त्याला तिथल्या तिथे, सामान न घेता, डोंगरापलीकडच्या ठाण्याकडे पायी चालतं केलं. लोक वाट द्यायला उठले नाहीत. त्याला एकेकाच्या मधून, पाय उचलून उचलून, पेडांच्या गुंत्यात अडखळत जावं लागलं. कुणी त्याच्यावर थुंकलं नाही. न्हाव्याला फार इच्छा होती, पण सुईणीने त्याचा हात धरून ठेवला.

"अजून एक," मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. "यापुढे कुठलंही पोर या फाटकाच्या आत येणार नाही. कामाला नाही, पाणी द्यायला नाही, कशालाच नाही. हे तुमच्या तोंडून सांगा, साहेब. तुमच्या माणसांना ऐकू जाईल असं."

साहेबाने सांगितलं.

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही," कुंभारीण म्हणाली.

साहेबाने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग आतून, स्वयंपाकघराच्या बाजूने, पलीकडच्या वाडीतले दोन मुलगे काजळीने काळे झालेले हात पुसत बाहेर आले. ते तिथे आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते फाटकातून बाहेर पडले तेव्हा गावाने असा काही जल्लोष केला की चौकीवरचे पारवे उडाले. नवरा धोपटणा टाकून लहान मुलासारखा रडला, आणि थोरलीने पदराने त्याचं नाक पुसलं तेव्हा लोक हसले, तोही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने पुन्हा पेड ताणले. दोर द्यायचा ठरला होता आणि दोरवाले शब्दाचे पक्के. पण आज त्या ओळीत पलीकडच्या वाडीची माणसंही येऊन उभी होती. दोन्ही मुलग्यांचे बाप कुठे धरायचं, कसं धरायचं ते विचारत होते.

पोरं शाळेला निघाली. एक नवा, उंच शिपाई रस्त्याच्या मधोमध बंदूक घेऊन उभा होता. त्याला काल काय झालं ते बहुधा कुणी सांगितलं नव्हतं. पोरं त्याच्यापाशी येऊन थबकली. थोरलीचे हात पेडावर ढिले झाले. ती सोडायला तयार होती.

खारू सगळ्यांच्या पुढे होती. वेणी आज सरळ होती. तिने मान वर करून शिपायाकडे बघितलं.

"बाजूला व्हा की," ती म्हणाली. "शाळेला उशीर होतोय आम्हाला."

शिपायाने पोरीकडे बघितलं. मग त्याने ओळीतल्या माणसांकडे बघितलं. ती सगळी त्याच्याकडेच बघत होती. तो बाजूला झाला, आणि पोरं त्याच्या समोरून दंगा करत शाळेत गेली.